टेलरकाकूंचं दुकान फुटलं, आणि जाब काकूंनाच?

घंटाळीकरीण

ठाण्यातल्या नौपाड्याच्या लोकांना एव्हाना कळलंच असेल. घंटाळी देवळाकडून गोखले रोडला येताना आत वळणाऱ्या एका गल्लीत ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे, ते रविवारी रात्री फुटलं. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

शटर एका बाजूने उचकटलं, मधलं कुलूप जसंच्या तसं. गल्ल्यातली रोकड फार नव्हती, सोमवारी अस्तरवाल्याला द्यायची तेवढीच. खऱ्या गेल्या त्या साड्या. तुळशीचं लग्न झालं की या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. फॉलला आलेल्या, पदराला गोंडे लावायला ठेवलेल्या, ब्लाउजपीस कापायचा राहिलेल्या अशा सगळ्या जरीच्या साड्या उचलल्या. सिंथेटिकला हात नाही. शिवून तयार असलेले ब्लाउज हँगरला तसेच.

सकाळी मी गेले तेव्हा काकू कटिंगच्या टेबलाखाली बसून चिठ्ठ्या गोळा करत होत्या. प्रत्येक साडीला अर्धी पावती टाचणीने लावायची त्यांची पद्धत आहे. चोरांनी साड्या घेतल्या आणि चिठ्ठ्या ओढून फेकल्या. त्या नंबर बघून वहीत खूण करत होत्या, २१४ कोणाची, २१७ कोणाची.

दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालं. 'माझी पैठणी पंचवीस हजारांची होती, पैसे कधी मिळणार?' 'कॅमेरा का नव्हता?' 'दुकानात एवढा माल ठेवतातच कशाला?' (मग कुठे ठेवायचा? तुम्हीच नेऊन देता ना लग्नाच्या चार दिवस आधी?) एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या आणि स्टँपपेपरवर लिहून द्या म्हणाल्या. संध्याकाळी कोणीतरी एका मुलाचा फोटो टाकला, 'हाच चोर, पुढे पाठवा' म्हणून.

चोरी काकूंकडे झाली आणि उलटतपासणीही काकूंचीच चालली आहे. कायद्याने यात नक्की कोण कोणाला देणं लागतं? आणि आपण शेजारी म्हणून काय करू शकतो? जाणकारांनी लिहा.

चिंगी२००३

बापरे! माझा मापाचा ब्लाउज तिथेच आहे. साडीचं राहू दे, तो मापाचा ब्लाउज मिळवायला मला तीन टेलर आणि एक ब्रेकअप लागला होता.

घंटाळीकरीण

चिंगी, मापाचे ब्लाउज सगळे शाबूत आहेत. पिशवी उलटी करून टाकून गेले, नेले नाहीत. चोरालाही आपल्या मापांचा उपयोग नाही.

जुना_नौपाडेकर

वाचून वाईट वाटले. पूर्वी ठाण्यात असे होत नसे. तलावपाळीवर रात्री बारापर्यंत बायका-मुली फिरत. आता घोडबंदरपर्यंत टॉवर झाले, बाहेरची माणसे आली, कोण कुठला कळत नाही.

खाकीच्या_घरातला

काका, आदर ठेवून सांगतो, पूर्वीही होत होतं. वडील खात्यात होते. दिवाळीच्या सुट्टीत घरफोड्या वाढायच्या, जांभळी नाक्याला गोदामं फुटायची, आम्ही जेवताना तेच ऐकायचो. फक्त तेव्हा ते तुमच्या फोनवर येत नव्हतं.

आणि 'बाहेरची माणसं' म्हणताना एक आठवा. गल्लीत रात्री काठी आपटत, शिट्टी मारत फिरणारा गुरखा होता ना? तोही बाहेरचाच. महिन्याचे पैसे मागायला आला की किती घरं 'पुढच्या महिन्यात ये' म्हणायची? शेवटी तो यायचा बंद झाला.

जुना_नौपाडेकर

गुरख्याचे खरे आहे. आमच्या बिल्डिंगमध्येही त्यावरून वाद झाला होता.

कलमकारी

धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नावर. वकिली करते, पण हा सल्ला नाही, फक्त माहिती.

दुरुस्तीला, शिवायला, धुवायला म्हणून आपण वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देतो आणि काम झाल्यावर परत घेतो, त्याला भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये निक्षेप म्हणतात. कलम १४८. वस्तू घेणाऱ्याने ती किती जपायची, हे कलम १५१ सांगतं: साधारण शहाणा माणूस स्वतःची तशीच वस्तू जितकी जपेल, तितकी. त्यापेक्षा कमी चालणार नाही, पण त्यापेक्षा जास्तीची सक्तीही नाही. आणि कलम १५२ म्हणतं, एवढी काळजी घेऊनही वस्तू गेली आणि वेगळा काही करार नसेल, तर घेणारा जबाबदार नाही.

मुद्दा येतो तो काळजी घेतली हे दाखवण्याचा, आणि ते दाखवायचं काकूंनी. शटर होतं, कुलपं होती, ती लावलेली होती, उचकटल्याच्या खुणा पंचनाम्यात आल्या आहेत, नोंदीची वही आहे. माझ्या मते हे बरंच आहे. शटर अर्धं उघडं टाकून जेवायला गेल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती.

पावतीच्या मागे 'माल हरवल्यास मालक जबाबदार नाही' असं छापलेलं असतं, त्यावर मात्र कोणी फार विसंबू नये. निष्काळजीपणा असेल तर त्या ओळीने सुटका होत नाही. आणि उलट बाजूने, 'दुकानात गेली म्हणजे दुकानदाराने भरलीच पाहिजे' हेही कायद्यात नाही.

स्टँपपेपरवर काहीही लिहून देऊ नका म्हणावं. एकदा 'मी भरून देईन' लिहिलं की १५२चं संरक्षण स्वतःच्या हाताने सोडल्यासारखं होईल.

मोरपंखी

मी 'त्या' बायकांपैकी एक. स्टँपपेपरवाली नव्हे, पण ग्रुपवर विचारणारी.

सगळ्यांनी मला दुष्ट ठरवण्याआधी ऐका. माझी साडी आईची आहे. येवल्याची, हातमागाची, तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली. पुढच्या महिन्यात भावाच्या लग्नात मी ती नेसणार होते आणि आई बघायला नाही. फक्त फॉल बदलायला दिली होती. मी पैसे मागितले कारण दुसरं काय मागायचं हे मला कळलं नाही. काकूंबद्दल मला राग नाही. पण 'बिचाऱ्या काकू' म्हणताना आमचंही काहीतरी गेलंय, हे कोणी बोलतच नाही.

कलम १५१, १५२ वाचलं. म्हणजे मला काहीच नाही, असंच ना?

कलमकारी

मोरपंखी, तसं नाही. तुमचं गेलंय आणि ते खरं गेलंय. मालक तुम्ही आहात, त्यामुळे चोरीच्या गुन्ह्यात पीडित तुम्हीही आहात. पोलिसांकडे तुमचाही जबाब नोंदवला गेला पाहिजे. फिर्याद काकूंची असली तरी 'अनोळखी ग्राहकांच्या साड्या' एवढ्यावर भागत नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता तुम्हाला खुला आहेच, शिलाई ही सेवा आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. पण तिथेही प्रश्न तोच येणार, काळजी घेतली होती की नव्हती. मी तुमच्या जागी असते तर आधी साडी शोधण्यामागे लागले असते.

जरीकाठ

एरवी मी फक्त वाचतो, अगदी हेच लिहायला रोमातून (रीड ओन्ली मोड) बाहेर आलो. साड्यांच्या धंद्यात आहे, ठाण्याचाच.

चोरांनी सिंथेटिक सोडून फक्त जरीच्या का नेल्या, तर त्याला दोन बाजार आहेत. एक, साडी म्हणून विकणं. दुसरा जास्त वाईट. 'जुन्या जरीच्या साड्या विकत घेऊ' अशा पाट्या, फोन नंबरसकट, तुम्ही खांबांवर पाहिल्या असतील. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. जुनी साडी वजनावर घेतात, काठपदर जाळून चांदी काढतात. हा धंदा बेकायदा नाही, पुष्कळ जण प्रामाणिकपणे करतात. पण तिथे साडी पोचली की ती साडी राहत नाही. म्हणून घाई करा.

त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की आजच्या बहुतेक साड्यांत खरी जर नसते, प्लास्टिकची किंवा तांब्याची असते. त्या जाळून काही मिळत नाही, म्हणून त्या साडी म्हणूनच विकल्या जातात आणि सापडण्याची शक्यता राहते. मोरपंखीताई, तुमच्या आईची साडी किती जुनी आहे त्यावर आहे. नीट सांगायचं तर जितकी जुनी, तितका धोका जास्त.

ओळख पटवण्यासाठी आत्ताच लिहून ठेवा: काठाचा रंग, पदरावरची नक्षी (मोर किती, तोंड कुठे, कोयऱ्या की असावली, म्हणजे फुलांची वेल), कुठे डाग, कुठे रफू, आधीच्या फॉलचा रंग. हातमागाची असेल तर पदराची उलटी बाजूही जवळजवळ सुलटीइतकीच स्वच्छ असते, यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे किंवा कापल्याच्या खुणा दिसतात. सिल्क मार्कचं लेबल घरी कपाटात असेल तर त्यावर नंबर असतो, तो द्या. लग्नामुंजीचे फोटो काढा, साडी नेसलेले. आणि हो, त्याच साडीचा जुना ब्लाउज घरी असेल तर त्याइतका पुरावा दुसरा नाही. कापड तेच, काठ तोच.

मोरपंखी

ब्लाउज आहे. आईचाच. थँक यू.

कट्ट्यावरचा

कायदे बियदे ठीक आहे हो, पण तो पोरगा कोण होता याचं कोणी बोलणार का? समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात क्लिअर दिसतोय, रात्री पावणेबाराला, पाठीला मोठी बॅग, टोपी. दोनदा गल्लीत आला. मीच फॉरवर्ड केलाय आणि करत राहणार. सापडला तर पब्लिकच बघेल.

घंटाळीकरीण

पाठीला मोठी बॅग असलेला मुलगा रात्री पावणेबाराला आमच्या गल्लीत दोनदा आला, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकुमारांनी बिर्याणी मागवली होती आणि त्याला बिल्डिंग सापडत नव्हती. त्या मुलांनी स्वतः ऑर्डर दाखवली पोलिसांना. शटर फुटलं ते पहाटे. दूधवाल्याने साडेचारला ते वाकलेलं पाहिलं, आणि दोनला पानवाला घरी जाताना ते ठीक होतं.

फोटो काढा ग्रुपवरून.

खाकीच्या_घरातला

'पब्लिक बघेल' म्हणणाऱ्यांसाठी. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज फिरत होते, भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना बाजाराच्या दिवशी जमावाने ठार मारलं. १६ एप्रिल २०२०, पालघरचं गडचिंचले, चोर समजून तिघं मारले, त्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. दोन्ही ठिकाणी फॉरवर्ड करणाऱ्यांना आपण गावाचं रक्षण करतोय असंच वाटत होतं.

फुटेज पोलिसांना द्या, ग्रुपला नको. आणि लवकर द्या. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची, डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं रेकॉर्ड होतं. किती दिवस राहतं ते डिस्कवर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून. मेडिकलवाल्यांना सांगा, मूळ डीव्हीआर जपून ठेवा. कोर्टात ते वापरायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं, ते पोलीस सांगतीलच.

कट्ट्यावरचा

ओके ओके. डिलीट केला. पण कॅमेरा नव्हता दुकानात, ही चूक आहेच की.

जुईनगरचा

कॅमेऱ्याबद्दल आमच्याकडून ऐका. नोव्हेंबर २०१७, नवी मुंबईतलं जुईनगर. बँक. कॅमेरे, अलार्म, स्ट्राँगरूम, सगळं. टोळीने त्याच इमारतीत गाळा भाड्याने घेतला, दुकान थाटलं, काही महिने बिस्किटं आणि वेफर्स विकले आणि आतून जमिनीखालून बोगदा खणला. शनिवार-रविवार बँक बंद, सोमवारी लॉकर उघडे. तीसेक लॉकर साफ. शेजारचे लोक त्या दुकानातून दूध घेत होते.

पुढे टोळी पकडली गेली, काही ऐवजही मिळाला. पण त्या वेळी लॉकरधारकांना बँकेचं पहिलं उत्तर काय होतं माहितीय? लॉकरमध्ये काय होतं ते आम्हाला ठाऊक नाही, आम्ही जबाबदार नाही. नंतर रिझर्व्ह बँकेने नियम बदलले. १ जानेवारी २०२२ पासून बँकेच्या हलगर्जीने चोरी झाली तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई. म्हणजे वर्षाला तीन हजार भाडं असेल तर तीन लाख, आत वीस लाखांचं सोनं असलं तरी.

बँकेला शंभर पटीची मर्यादा. फॉलचे शंभर-दीडशे रुपये घेणाऱ्या बाईकडून मात्र पंचवीस हजार अख्खे. छान आहे.

सर्व्हेअर_पण_माणूस

विम्याबद्दल कोणीच विचारलं नाही? मी सर्वसाधारण विम्यात सर्व्हेअर आहे.

दुकानदारांसाठी पॅकेज पॉलिसी असते, त्यात घरफोडीचा भाग वेगळा. जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात, त्या इथे आहेत. पण अडचण पुढे आहे. पॉलिसीत दुकानाचा स्वतःचा माल, म्हणजे अस्तर, फॉल, धागे, मशीन असतं. ग्राहकांनी ठेवायला दिलेला माल धरायचा असेल तर तसं पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. टेलर, लाँड्री, घड्याळजी, मोबाइल दुरुस्तीवाले, यांच्यातले फारच थोडे ते लिहून घेतात. एजंट विचारत नाही आणि दुकानदाराला माहीत नसतं.

दुसरं, रक्कम कमी लावलेली असणं. दहा लाखांच्या मालाला पाच लाखांचा विमा असेल तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळतो. हप्ता वाचवायला लोक हेच करतात.

काकूंची पॉलिसी आहे का?

घंटाळीकरीण

आहे, मुलीने काढून दिलेली. ग्राहकांचा माल त्यात नाही. तुम्ही लिहिलंत तेच झालं. शटर आणि ओव्हरलॉक मशीनची मोटर (ती ओढताना फुटली) एवढं मिळेल असं वाटतंय.

सर्व्हेअर_पण_माणूस

मग कंपनीला लेखी लगेच कळवा, तोंडी नको. शटर दुरुस्त करण्याआधी फोटो काढून ठेवा, बिल जपा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. आणि पुढे चोर सापडला नाही तर कंपनी पोलिसांचा शेवटचा अहवाल मागेल. आपल्याकडे त्याला 'ए समरी' म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. तो कागद यायला वेळ लागतो, म्हणून दावा आधीच लावून ठेवायचा.

खाकीच्या_घरातला

तपासाचं काय झालं हे विचारायला संकोच करू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १९३, नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला तपासाची प्रगती कळवायची आहे. आणि गुन्हाही लहान नाही. रात्री घरफोडी करून चोरी केली तर न्याय संहितेच्या ३३१(४) खाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा. चोरीचा माल माहीत असून घेणाऱ्याला ३१७.

साड्या मिळाल्याच तर त्या खटला संपेपर्यंत मुद्देमाल म्हणून पडून राहतील, अशी भीती बऱ्याच जणांना असते. कोर्टात अर्ज करून ताबा मिळतो. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलंय की वस्तू उगाच ठाण्यात कुजवू नका, फोटो आणि पंचनामा करून, हमीपत्र घेऊन मालकाला द्या.

घंटाळीकरीण

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आम्ही सहा-सात जणी काकूंकडे बसलो. वहीवरून यादी केली: पावती नंबर, साडीचं वर्णन, ग्राहकाचं नाव आणि फोन, पुरावा काय आहे. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती नीट वाचली आणि 'अशी यादी रोज मिळत नाही' म्हणाले. जरीकाठ यांच्या सांगण्यावरून ज्यांच्या साड्या खऱ्या जरीच्या आणि जुन्या, त्यांच्यापुढे खूण केली आहे. मोरपंखी, तुझी वरून दुसरी आहे.

मजेदार प्रकार असा की ग्रुपवर ज्या साड्या पंचवीस-तीस हजारांच्या होत्या, त्यातल्या काही यादीत जबाब द्यायची वेळ आल्यावर सात-आठ हजारांच्या झाल्या. स्टँपपेपरवाल्या बाई आल्याच नाहीत.

वर्गणी काढायचं कोणीतरी सुचवलं. काकूंनी हात जोडले, 'पैसे नकोत, काम द्या' म्हणाल्या. त्यांना खरी धास्ती ही आहे की सीझनचा महिना कोरडा जाईल. लोक साड्या द्यायला घाबरतात, तेही समजण्यासारखं आहे. शिकायला येणारी एक मुलगी दोन दिवस आलीच नाही, कारण शेजारच्या दुकानदाराने तिच्या आईला 'तुमच्या पोरीला सगळं माहीत होतं ना आत काय आहे' असं सुनावलं. काकू स्वतः कोपरीला जाऊन तिला घेऊन आल्या. त्या दुकानदाराला काय म्हणावं?

जुना_नौपाडेकर

त्यास मी ओळखतो. बोलतो त्याच्याशी.

चिंगी२००३

काका, भारी.

अवांतर: काकू सध्या काम घेतायत का? मला १४ तारखेला मैत्रिणीच्या हळदीला ब्लाउज हवाय. साडी द्यायची भीती वाटतेय, खरं सांगते.

घंटाळीकरीण

घेतायत. साडी ठेवून घेत नाहीत सध्या, फॉल-पिको समोर बसून करून देतात. दुपारी तीन ते पाच गर्दी कमी असते. ब्लाउजपीस दिला तरी चालेल, अस्तर तुझं तू आण, अस्तरवाल्याचं देणं अजून राहिलंय. मापाचा ब्लाउज आहेच त्यांच्याकडे. आणि पावतीवर कापडाचा फोटो काढून घे, आता त्या प्रत्येकीला काढायला लावतात.

चिंगी२००३

उद्या तीनला येते. मागचा गळा खोल हवाय, तेवढं आधी सांगून ठेव, मागच्या वेळी त्या ऐकेनात.